पडदा ताणल्याने नेम सुधारतो का?

काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या संगणक-खेळाच्या मोठ्या स्पर्धांचे थेट प्रक्षेपण नियमाने पाहणाऱ्यांना एक प्रसंग चांगलाच ओळखीचा असेल. एखाद्या खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणारे दृश्य चालू असते, पडद्याच्या उजव्या कडेने एक प्रतिस्पर्धी अगदी उघडपणे सरकत जातो, समालोचकाचा आवाज चढतो, आणि तो खेळाडू मात्र जागचा हलत नाही. क्षणभराने पाठीत गोळ्या लागून तो बाद होतो. घरी बसून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की एवढ्या नावाजलेल्या खेळाडूला समोरचा माणूस दिसला कसा नाही? याचे खरे उत्तर असे, की तो माणूस त्याच्या पडद्यावर नव्हताच. प्रक्षेपणाचा संगणक १६:९ या रुंद चौकटीत चित्र काढत होता, तर खेळाडूचा संगणक ४:३ या जुन्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीत. आणि या दोन चौकटींमध्ये डाव्या-उजव्या बाजूचा जो भाग कमी-जास्त होतो, नेमक्या त्याच भागातून प्रतिस्पर्धी निघून गेला.

खेळाडू हे नुकसान समजून-उमजून पत्करतात. एवढेच नव्हे, तर ४:३ मध्ये काढलेले ते चित्र पुन्हा ओढून रुंद पडद्यावर कडेपर्यंत पसरवतात. यालाच खेळाडूंच्या बोलीत 'स्ट्रेच्ड' म्हणतात. फ्रान्सचा मॅथ्यू एर्बो, म्हणजे 'झायवू', आणि युक्रेनचा ओलेक्सांद्र कोस्टिलिएव, म्हणजे 'सिंपल', हे दोघेही १२८०×९६० या रिझोल्यूशनवर ताणलेले चित्र घेऊन खेळत आले आहेत. त्यांचे पाहून हजारो हौशी मुले तीच सेटिंग लावतात, काहींना ती मानवते, काहींचा खेळ बिघडतो, आणि दोघांनाही नेमके काय बदलले हे कळलेले नसते. ते कळणे अवघड नाही. थोडे गणित आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे.

आधी रिझोल्यूशन आणि गुणोत्तर या दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. रिझोल्यूशन म्हणजे चित्र किती ठिपक्यांनी, म्हणजे पिक्सेलनी, बनले आहे ते; आणि गुणोत्तर म्हणजे त्या चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण. आजचा साधा मॉनिटर १९२०×१०८० पिक्सेलचा असतो आणि त्याचे गुणोत्तर १६:९ असते. १२८०×९६० चे गुणोत्तर ४:३. हे दुसरे चित्र पहिल्या पडद्यावर दाखवायचे, तर दोनच मार्ग उरतात. एक तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून मध्ये योग्य आकाराचे चित्र दाखवायचे, किंवा ते आडवे ओढून पूर्ण पडदा भरायचा. चौकाचौकांत लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्स आठवून पाहा. फोटो उभा असतो, जागा आडवी असते, छपाईवाला घाईत असतो, आणि मग फोटोतला चेहरा दोन्ही गालांनी रुंदावतो. उंची मात्र तेवढीच राहते. खेळाच्या पडद्यावर जे घडते ते याच जातीचे आहे. फरक इतकाच, की इथे त्या रुंदावण्यामागे हेतू आहे.

आता आकड्यांकडे वळू. काउंटर-स्ट्राइकमध्ये उभे दृष्टिक्षेत्र, म्हणजे वर-खाली किती अंशांचा प्रदेश दिसतो ते, कायम साधारण ७४ अंश राहते. चौकट रुंद केली की आडवे दृष्टिक्षेत्र वाढते, अरुंद केली की घटते. ४:३ मध्ये आडवे ९० अंश दिसतात, १६:१० मध्ये सुमारे १००, आणि १६:९ मध्ये सुमारे १०६. याचा अर्थ ४:३ वर खेळणारा प्रत्येक बाजूला सुमारे आठ अंशांचा प्रदेश गमावतो. आठ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण एखाद्या कोपऱ्यावर नजर रोखून बसलेल्या खेळाडूला बगलेतून येणारा माणूस दिसणे किंवा न दिसणे याच आठ अंशांवर ठरते. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग हा त्याचाच परिणाम.

बदल्यात मिळते काय? उरलेले ९० अंश पूर्ण पडद्यावर पसरतात, त्यामुळे प्रत्येक वस्तू बरोबर एक तृतीयांशाने रुंद दिसते. साध्या १६:९ चित्रात पडद्याच्या मध्यभागी ३६ पिक्सेल रुंद दिसणारा प्रतिस्पर्धी ताणलेल्या चित्रात ४८ पिक्सेल रुंद दिसतो. त्याची उंची बदलत नाही. या विषयावर बोलणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'शत्रू जाड दिसतो, म्हणून मारायला सोपा' असा निष्कर्ष काढतात. परंतु या ४८ पिक्सेलच्या पोटात शिरून पाहिले, तर एक वेगळीच गोष्ट दिसते. १२८०×९६० वर खेळताना ग्राफिक्स कार्डाने तो माणूस प्रत्यक्षात फक्त ३२ पिक्सेल रुंदीत रंगवलेला असतो, आणि मग ते ३२ पिक्सेल दीडपट ओढून ४८ केलेले असतात. म्हणजे मूळ चित्रात त्याच्याबद्दल ३६ पिक्सेलची माहिती होती, ताणलेल्या चित्रात ३२ पिक्सेलचीच आहे. माणूस रुंद झाला, पण त्याच्याविषयीचा तपशील कमी झाला. शिवाय दीडपट हे पूर्णांकातले ओढणे नसल्यामुळे कडा किंचित धूसर होतात. दूरवर भिंतीआडून डोकावणारे डोके पार्श्वभूमीत मिसळून जाते, ही तक्रार म्हणूनच खरी आहे. १४४०×१०८० हे रिझोल्यूशन घेतले तर तपशील ३६ पिक्सेलचाच राहतो आणि रुंदी मात्र ४८ मिळते. ज्यांचा संगणक पेलू शकतो त्यांनी ताणायचेच असेल तर हेच रिझोल्यूशन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. काळ्या पट्ट्या ठेवून १४४०×१०८० वर खेळणे म्हणजे दुसरे काही नसून १६:९ च्याच चित्राच्या दोन्ही बाजू पुठ्ठ्याने झाकणे होय. मधले चित्र पिक्सेलगणिक तेच असते. तरीही काही जाणते खेळाडू ते आवडीने वापरतात, कारण नजर फिरवण्याचा प्रदेश लहान होतो आणि लक्ष मध्यभागी राहते. पडद्यापासून वीतभर अंतरावर बसणाऱ्याला २४ इंची मॉनिटरची ५३ सेंटिमीटर रुंदी एका नजरेत सामावत नाही. ४० सेंटिमीटर सामावते.

हे सगळे सुरू कुठून झाले, तर जुन्या काचेच्या मॉनिटरपासून. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफ या खेळाची हौशी लोकांनी केलेली जोड म्हणून जन्माला आला आणि २००३ मध्ये त्याची १.६ ही आवृत्ती आली, त्या काळात पडदे ४:३ चेच असत. त्या सुमारास पुण्यातल्या एका सायबर कॅफेत आम्ही तासावर पैसे मोजून खेळायचो. तिथला खोक्यासारखा मॉनिटर मोठ्या रिझोल्यूशनवर ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढत, लुकलुकायचा आणि तासाभरात डोळे चुरचुरायचे. एका वयाने मोठ्या खेळाडूने येऊन आमचे रिझोल्यूशन ८००×६०० वर आणले, रिफ्रेश रेट १०० हर्ट्झ केला, आणि पडदा एकदम स्थिर झाला. माउस जणू हाताला चिकटला. त्यात काही चमत्कार नव्हता. काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रंगवत जातो, आणि एका सेकंदात तो किती ओळी रंगवू शकेल याला मर्यादा असते. चित्रात ओळी कमी असल्या, की तेच चित्र सेकंदात जास्त वेळा काढता येते. शिवाय त्या पडद्यांना स्वतःचे असे पक्के रिझोल्यूशन नसल्याने कमी रिझोल्यूशनचे चित्रही नीट दिसे. अशक्त ग्राफिक्स कार्डालाही कमी पिक्सेल सोपे जात. तेव्हा कमी रिझोल्यूशनवर खेळणे ही त्या यंत्रांपुरती पूर्ण शहाणपणाची निवड होती.

पुढे सपाट, रुंद एलसीडी पडदे आले. ऑगस्ट २०१२ मध्ये काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची जागा काउंटर-स्ट्राइक २ ने घेतली. परंतु ज्या खेळाडूंचे हात आणि डोळे ४:३ वर घडले होते, त्यांनी ते गुणोत्तर सोबत आणले. त्यांना पाहून शिकलेल्या पुढच्या पिढीनेही तेच उचलले. म्हणून आजच्या विशीतल्या खेळाडूच्या ताणलेल्या पडद्यामागे, त्याने कधी वापरलाही नसेल अशा काचेच्या मॉनिटरचा वारसा आहे. सवय हे कारण हलके समजू नये. वर्षानुवर्षे एकाच चित्रावर कमावलेला अंदाज ही खेळाडूची मोठी पुंजी असते, आणि ती उगाच मोडू नये हेच योग्य.

आता मुख्य प्रश्न. शत्रू रुंद दिसला, म्हणजे त्याच्यावर नेम धरणे सोपे झाले का?

डस्ट टू या नकाशातला मिड, म्हणजे मधला भाग, खेळणाऱ्या बहुतेकांना पाठ असतो. तिथे एक लाकडी दुहेरी दार आहे आणि दोन फळ्यांमध्ये एक फट आहे. वरच्या बाजूने एक स्नायपर त्या फटीवर दुर्बीण लावून बसतो आणि पलीकडून कोणी धावत गेला, की फटीत दिसण्याच्या तेवढ्या निमिषात गोळी झाडतो. हेच दृश्य आता ताणून पाहा. फट एक तृतीयांशाने रुंद झाली, हे खरे. पलीकडून धावणारा माणूसही तेवढाच रुंद झाला. पण त्याचबरोबर पडद्यावरचा त्याचा वेगही तेवढाच वाढला, कारण पूर्वी तीन बोटे अंतर कापायला त्याला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्याच वेळात तो आता चार बोटे कापतो. परिणामी तो फटीत जेवढा वेळ दिसत होता, अगदी तेवढाच वेळ आताही दिसतो. एक सहस्रांश सेकंदही अधिक मिळत नाही. खेळाच्या सर्व्हरला तर तुमचा पडदा कसा आहे याची गंधवार्ताही नसते. माणसाच्या शरीराचा मारा लागू होणारा भाग, म्हणजे हिटबॉक्स, त्याच्या हिशेबात जेवढा होता तेवढाच राहतो.

हाताचेही तसेच आहे. क्रॉसहेअरपासून, म्हणजे पडद्याच्या मध्यावरच्या नेमाच्या खुणेपासून, शत्रू दहा अंश उजवीकडे असेल, तर माउस दहा अंशांएवढा फिरवावा लागतो. चित्र ताणल्याने त्या दहा अंशांचे अकरा होत नाहीत की नऊ होत नाहीत. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला, जो आजही बटणे आणि पडदे घडवणाऱ्यांच्या रोजच्या उपयोगाचा आहे. लक्ष्यावर बोट किंवा हत्यार नेमके नेऊन ठेवायला लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असतो, असा तो नियम. लक्ष्य रुंद असेल तर काम सोपे, दूर असेल तर अवघड. पडदा ताणला की शत्रूची रुंदी ४/३ पट होते, पण क्रॉसहेअरपासूनचे त्याचे आडवे अंतरही ४/३ पटच होते. दोन्हींचे प्रमाण होते तिथेच राहते. म्हणून आडव्या हालचालीच्या हिशेबात नेम धरण्याचे काम ना सोपे होते, ना अवघड.

मग हजारो अनुभवी खेळाडू भ्रमात आहेत असे म्हणायचे का? मला तसे मुळीच वाटत नाही. नेमबाजीत दोन वेगळी कामे असतात : आधी दिसणे आणि मग नेम बसणे. ताणल्याने दुसऱ्या कामात फरक पडत नाही, पण पहिल्यात पडू शकतो. डोळ्याच्या पडद्यावर रुंद प्रतिमा उमटली, तर ती लवकर जाणवते, विशेषतः ती अगदी अरुंद असेल तेव्हा. दूरच्या कोपऱ्यातून बाहेर आलेला अर्धा खांदा पडद्यावर सहा पिक्सेलऐवजी आठ पिक्सेल दिसणे ही अगदीच निरर्थक गोष्ट नव्हे. क्रॉसहेअर आधीच त्या कोपऱ्यावर ठेवून बसलेल्याला छोटीशी दुरुस्ती करायची असते, आणि आपण डोक्यावर आहोत की डोक्याच्या किंचित बाजूला, हा फरक मोठ्या चित्रात डोळ्याला अधिक स्पष्ट दिसतो. ज्याची नजर कमकुवत आहे, ज्याचा पडदा लहान आहे, जो लॅपटॉपवर खेळतो, त्याला याचा फायदा अधिक जाणवणे स्वाभाविक आहे. मी जे नाकारतो ते एवढेच, की रुंद दिसणारा शत्रू आपोआप सोपा होतो. तो डोळ्याला सोपा होतो, हाताला नाही.

नवशिक्यांची फजिती सर्वात जास्त होते ती माउसच्या बाबतीत. ताणलेल्या पडद्यावर माउस आडवा हलवला तर चित्र वेगाने पळते आणि उभा हलवला तर पूर्वीच्याच चालीने. त्यामुळे 'सेन्सिटिव्हिटी', म्हणजे माउस हलवल्यावर दृश्य किती वळते ते प्रमाण, वाढल्याचा भास होतो, आणि मग मुले ती घाईने कमी करतात. तसे केल्यावर मात्र उभी हालचालही मंदावते आणि गोळीबाराच्या झटक्याने वर उडणारी बंदूक खाली खेचायला हात अपुरा पडू लागतो. काही जण काउंटर-स्ट्राइकच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, जाऊन 'एम_यॉ' ही आडव्या फिरण्याची किंमत ०.०२२ वरून ०.०१६५ वर आणतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. तो मूळ किमतीच्या बरोबर तीन चतुर्थांश आहे आणि त्याने पडद्यावरचा आडवा-उभा वेग समान होतो. पण त्याची किंमत अशी, की पूर्ण मागे वळायला हात एक तृतीयांशाने अधिक फिरवावा लागतो आणि मनगटात मुरलेला अंशांचा अंदाज मोडतो. माझा सल्ला विचाराल तर ती किंमत आहे तशी ठेवावी, सेन्सिटिव्हिटीलाही हात लावू नये आणि डोळ्यांना नव्या वेगाची सवय होण्यासाठी दोन आठवडे द्यावेत. क्रॉसहेअरही पाहून घ्यावा, कारण त्याच्या उभ्या रेषा ताणल्याने जाड होतात आणि आडव्या लांब होतात. पूर्वी बारीक वाटणारी खूण आता दूरच्या डोक्याला झाकू शकते.

वेगाचा मुद्दा थोडक्यात. १९२०×१०८० मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १२८०×९६० मध्ये १२.३ लाख, म्हणजे काम सुमारे ४१ टक्क्यांनी घटते. ज्यांच्याकडे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवावे लागते, त्यांना हा दिलासा मोठा आहे, आणि आपल्याकडे कॉलेजातल्या बहुतेक मुलांची स्थिती हीच असते. त्यांच्यासाठी रिझोल्यूशन कमी करणे ही फॅशन नसून गरज आहे. ताकदवान कार्ड असलेल्यांना मात्र फारसा लाभ होत नाही, कारण काउंटर-स्ट्राइकमध्ये अडसर बहुतेक वेळा प्रोसेसरचा असतो, आणि प्रोसेसरचे काम पिक्सेल कमी केल्याने हलके होत नाही.

सेटिंग लावताना क्रम सांभाळला तर घोळ होत नाही. आधी ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन स्केलिंगचा, म्हणजे चित्र पडद्याच्या मापाला बसवण्याचा, पर्याय शोधावा. एनव्हिडियात तो 'फुल-स्क्रीन' आणि एएमडीत 'फुल पॅनेल' या नावाने असतो, आणि स्केलिंग मॉनिटरऐवजी जीपीयूकडे, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे, सोपवलेले बरे. मग खेळात ४:३ गुणोत्तर आणि हवे ते रिझोल्यूशन निवडून 'फुलस्क्रीन' ठेवावे. बिनकडेच्या खिडकीत, म्हणजे बॉर्डरलेसमध्ये, ताणण्याचा हा उपाय लागू होत नाही. त्यानंतर एक तपासणी कधीही चुकवू नये. अनेक मॉनिटर अनोळखी रिझोल्यूशन दिसले, की गुपचूप ६० हर्ट्झवर उतरतात. १४४ हर्ट्झवर दर ६.९ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, ६० वर दर १६.७ मिलिसेकंदांनी, म्हणजे ताणून जे मिळवले त्याच्या कितीतरी पट इथे गमावले. माझ्या ओळखीच्या एका मुलाने तीन महिने असेच घालवले, आणि आपला खेळ का घसरला याचा दोष तो झोपेला देत राहिला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये चालू रिफ्रेश रेट दिसतो. तो खेळ सुरू असतानाच पाहून घ्यावा, आणि कमी असेल तर कंट्रोल पॅनेलमधून त्याच रिझोल्यूशनसाठी योग्य हर्ट्झचा सानुकूल पर्याय तयार करावा. मध्येच पडदा काळा झाला तर घाबरू नये. विंडोज काही सेकंदांत आपणहून मागच्या सेटिंगवर परत येते.

हा हिशेब काउंटर-स्ट्राइकपुरता झाला, आणि तो जसाच्या तसा दुसऱ्या खेळांना लावता येत नाही, कारण कोणते दृष्टिक्षेत्र स्थिर धरायचे हे प्रत्येक खेळ आपापले ठरवतो. व्हॅलोरंटने आडवे दृष्टिक्षेत्र १०३ अंशांवर बांधून टाकले आहे; तिथे सेटिंगमध्ये ४:३ निवडून पडदा भरला, तर खेळातले जग ताणले जात नाही, केवळ कोपऱ्यातला नकाशा, आकडे आणि क्रॉसहेअर रुंदावतात. फोर्टनाइटमध्ये याहून वेगळी गोष्ट घडली. तिथे आडवे क्षेत्र स्थिर असल्याने अरुंद चौकट घेतली की वर-खालचा प्रदेश जास्त दिसू लागे, आणि ज्या खेळात लोक डोक्यावर मजल्यांमागून मजले चढवतात, तिथे वरचे जास्त दिसणे हा उघड लाभ होता. २०१९ मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सने स्पर्धांसाठी १६:९ हे एकच गुणोत्तर सक्तीचे केले, आणि तो निर्णय मला न्याय्य वाटतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये ताणणारा खेळाडू बाजूचे आठ-आठ अंश देऊन रुंदी घेतो. तिथे देणे आणि घेणे दोन्ही आहे. फोर्टनाइटमध्ये मात्र क्षेत्राच्या बाबतीत केवळ घेणे होते.

आपल्याकडे फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी 'आयपॅड व्ह्यू' हा शब्द सतत असतो, तो याच कुळातला. आयपॅडचा पडदा ४:३ च्या जवळचा असल्याने त्यावर खेळणाऱ्याला लांबट फोनच्या तुलनेत वर-खालचा प्रदेश अधिक दिसतो, आणि ते दृश्य फोनवर मिळवण्यासाठी मुले कुठून कुठून ॲप उतरवून घेतात. इथे एक रेषा ठळकपणे आखायला हवी. काउंटर-स्ट्राइकमधले ४:३ हा खेळानेच दिलेला पर्याय आहे आणि तो वापरण्यात काहीही गैर नाही. बाहेरच्या ॲपने खेळाच्या फाइलींत फेरफार करून मिळवलेले दृश्य मात्र नियमभंगात मोडते, त्यातून खाते कायमचे बंद होऊ शकते, आणि अशी ॲप फोनमधले आणखी काय काय उचलून नेतात ते वेगळेच.